आधी तडा दाखवा

फिलाडेल्फियातली लिबर्टी बेल वाजत नाही, हलत नाही आणि तिला हात लावू देत नाहीत. तरीही एरवी कुठल्याही स्मारकापुढे दीड मिनिटात ‘झालं का?’ विचारणारी मुलं तिच्याभोवती गोल गोल फिरत राहतात, कारण ती फुटलेली आहे. घरात बशी फुटली की आधी ‘कोणी फोडली?’ अशी चौकशी बसते. इथे फुटक्या वस्तूसाठी स्वतंत्र इमारत आहे, दाराशी सुरक्षा तपासणी आहे, आत टोपीवाला रेंजर उभा आहे आणि देशोदेशीची माणसं तिच्याशेजारी उभी राहून हसतमुखाने फोटो काढून घेतायत. हे बघून पहिलीतल्या मुलाच्या मनात अमेरिकेबद्दल एकदम आदर निर्माण होतो.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हा सगळा प्रकार पाठ असतो. जूनमध्ये शाळा संपतात, त्याच सुमाराला भारतातून आजी-आजोबा येतात, त्यांच्या मागोमाग एखादी आत्या, एखादा मावसभाऊ सहकुटुंब. मग घरातल्या एका माणसाला बिनपगारी गाइड व्हावं लागतं. आमच्याकडे तो मान माझा आहे. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन डीसी ही त्रिस्थळी यात्रा ठरलेली. नायगरा वेगळा, तिथे इतिहास सांगावा लागत नाही, पाणी पडत असतं, त्यामुळे मुलांची तक्रार नसते.

ऐतिहासिक सहलीचा मुलांच्या लेखी एक पक्का क्रम असतो. हॉटेलातला स्विमिंग पूल, सकाळी स्वतःच्या हाताने करायचा वॉफल, लिफ्ट, गिफ्ट शॉप, खारी आणि वेळ उरलाच तर राष्ट्रपुरुष. पालक हा क्रम उलटा करायला बघतात. गाडी हायवेला लागायच्या आत बापाचं व्याख्यान सुरू होतं, ‘तर बाळांनो, सतराशे शहात्तर साली...’ मागच्या सीटवरून प्रतिसाद येतो, ‘आयपॅडचा चार्जर कुणाकडे आहे?’ माझं इतक्या उन्हाळ्यांचं निरीक्षण असं की थोरवी सांगितल्याने मूल स्मारकाजवळ येत नाही. चूक दाखवली की धावत येतं. आणि या बाबतीत अमेरिकेने पालकांची फारच सोय करून ठेवली आहे.

घंटेचंच बघा. १७५२ साली ती लंडनहून आली. आवाज बघू म्हणून पहिला टोला दिला आणि ती तडकली. मग पास आणि स्टो नावाच्या दोघा स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. तो आवाज कोणाला आवडला नाही. पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. एवढं सगळं झाल्यावर या दोघांनी तिच्या अंगावर आपली नावं ठळक अक्षरांत घातली, ती आजही वाचता येतात. बायबलमधलं स्वातंत्र्याचं वचन त्याच घंटेवर आहे, पण मुलांना पास आणि स्टोच जास्त जवळचे वाटतात. चित्र बिघडलं तरी खाली सही मोठी काढायची, हे त्यांना समजतं.

माझ्या सासूबाई सांगलीकडे मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजरेतलं लाल पेन निवृत्त झालेलं नाही. घंटेवर पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘एन’ कमी आहे, हे त्यांना कोणी दाखवावं लागलं नाही. रेंजरने अदबीने खुलासा केला की त्या काळात असंही लिहायचे. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘सगळी मुलं हेच सांगतात.’

पण खरी गंमत तड्याची आहे. ज्याचा सगळे फोटो काढतात ती रुंद, उभी भेग म्हणजे तडा नाहीच; ती दुरुस्ती आहे. मूळ तडा बारीक होता. १८४६ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवायची होती, म्हणून तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत यासाठी तो मुद्दाम कोरून रुंद केला. घंटा वाजवली. दुसरा तडा गेला आणि घंटेचा आवाज कायमचा बसला.

‘म्हणजे रिपेअर करणाऱ्यानेच मोडली?’ माझ्या थोरलीने विचारलं.

‘आपला सांगलीचा प्लंबर,’ सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर दोघींना रेंजरची गरज उरली नाही.

आता या घंटेचं नाव. स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी ती नुसती विधिमंडळाची घंटा होती. ‘लिबर्टी बेल’ हे नाव तिला १८३०च्या दशकात दिलं ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी. का दिलं, हे कळायला लांब जावं लागत नाही. घंटेच्या इमारतीला लागूनच एका घराची जागा आहे; राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन तिथे राहत होते आणि त्यांच्याबरोबर नऊ गुलाम माणसं राहत होती. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने या राज्यात राहिला तर स्वतंत्र होण्याचा हक्क मिळवायचा. म्हणून सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. पुन्हा एकपासून मोजणी.

इथे पालक घसा साफ करतात. ‘तो काळ वेगळा होता’ हे वाक्य जिभेवर आलेलं असतं. त्याआधीच धाकटा ओरडतो, ‘दॅट्स चीटिंग!’

यावर काय बोलणार? बहिणीबरोबर रोज पत्ते खेळणाऱ्या मुलाला नियमाची पळवाट काय असते हे शिकवावं लागत नाही. मग मी त्याला ओनी जजची गोष्ट सांगितली. १७९६ साली ही तरुणी मालक जेवायला बसलेले असताना या घरातून निघून गेली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननी शोध घेतला, ठावठिकाणाही लागला, पण ती परत आली नाही. धाकट्याला ही गोष्ट इतकी पटली की पुढचा तासभर तो ओनी जज होता आणि आम्ही त्याला शोधत होतो.

वॉशिंग्टन डीसीत नवऱ्याचं काम पार्किंग शोधणं हे असतं. राष्ट्राच्या राजधानीबद्दल त्याला विचाराल तर तो फक्त रस्त्यांची नावं आणि दंडाच्या रकमा सांगू शकेल. आम्ही तोवर हिरवळीवर, समोर वॉशिंग्टन मॉन्युमेंट. ५५५ फूट उंच पांढरा सुळका, आणि पहिलं निरीक्षण अर्थातच मुलांचं, ‘याचे दोन रंग का?’

मोठी माणसं तो सुळका चिमटीत धरल्याचा फोटो काढण्यात गुंतलेली असल्यामुळे त्यांना दोन रंग दिसत नाहीत. खालचा साधारण दीडशे फुटांचा भाग एका छटेचा, वरचा दुसऱ्या. १८४८ साली काम सुरू झालं, १८५४ साली पैसे संपले आणि भांडणंही झाली. मग वीसहून अधिक वर्षं राष्ट्रपित्याचं स्मारक हे एक ठुटकं होतं. १८७९ साली लष्कराच्या इंजिनिअरांनी पुन्हा हाती घेतलं तेव्हा मूळ खाणीसारखा संगमरवर मिळाला नाही. सगळं पुरं व्हायला १८८४ उजाडलं. आमच्या पाहुण्यांना ही कथा सांगितली की त्यांचा अमेरिकेशी असलेला परकेपणा गळून पडतो. रखडलेलं स्मारक, संपलेला निधी, बदललेला ठेकेदार! एका काकांनी तर सुळक्याकडे बघून जवळजवळ ममतेने मान हलवली.

टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला आहे, वजन १०० औंस, म्हणजे तीन किलोच्या आत. त्या काळी ॲल्युमिनियम दुर्मीळ आणि महाग होतं. आज त्याच धातूत आम्ही धपाटे गुंडाळून आणलेले असतात. हे ऐकून धाकट्याने फॉइलचा बोळा करून पाण्याच्या बाटलीच्या टोकावर बसवला आणि स्मारक पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. लिफ्टने वर गेल्यावर चारी दिशांना खिडक्या आहेत. एकीकडे संसद, एकीकडे व्हाइट हाउस, एकीकडे लिंकन, एकीकडे जेफरसन. पाचशे फुटांवरून त्याने काय टिपलं? आइस्क्रीमचा ट्रक. रंगासकट.

लिंकन मेमोरियल हे मुलांच्या दृष्टीने पळायला बांधलेल्या पायऱ्या आहेत. वर गेल्यावर मात्र सगळी क्षणभर थबकतात, कारण लिंकन खरोखर मोठा आहे. बसलेलाच १९ फूट. धाकट्याची शंका अशी, ‘उभा राहिला तर छप्पर फुटेल का?’ छप्पर वाचेल. उभा लिंकन २८ फुटांचा भरेल असं सांगतात. डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने रचलेली ही मूर्ती जॉर्जियातल्या पांढऱ्या संगमरवराच्या २८ तुकड्यांची आहे. बाहेरचे ३६ खांब म्हणजे लिंकन गेला तेव्हाची ३६ राज्यं. ही माहिती मी दर वेळी सांगते आणि दर वेळी वाऱ्यावर जाते.

वाऱ्यावर जात नाही ती उत्तरेकडच्या भिंतीवरची चूक. तिथे लिंकनचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण कोरलं आहे. त्यात ‘फ्यूचर’ या शब्दाचं पहिलं अक्षर कोरणाऱ्याने एफऐवजी ई कोरलं. खालची आडवी रेघ नंतर भरून काढली, पण बघणाऱ्याला दिसते. ‘या भिंतीवर एक चूक आहे, शोधा,’ एवढं म्हणायचं. एरवी पाच ओळी वाचायला कुरकुरणारी पोरं सगळं भाषण वाचून काढतात, तेही मान वर करून. सासूबाईंनी चष्मा बदलला. तीन पिढ्या भिंतीला नाक लावून उभ्या, असं दृश्य. चूक थोरलीला आधी सापडली. सासूबाईंनी त्यावर असा शेरा मारला की दगडावर लिहिण्याआधी फळ्यावर लिहून बघायला हवं होतं.

चुका काय अक्षरांच्याच असतात असं नाही. १९२२ साली या स्मारकाचं लोकार्पण झालं तेव्हा कृष्णवर्णीय श्रोत्यांना वेगळ्या भागात बसवलं होतं. गुलामांना मुक्त करणाऱ्या माणसाच्या स्मारकाच्या समारंभात! टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन हे कृष्णवर्णीय वक्ते तर व्यासपीठावर बोलत होते. वरच्या चौथऱ्यापासून अठरा पायऱ्या खाली या, तिथे दगडावर १९६३ सालची नोंद आहे. मार्टिन लूथर किंग यांनी जिथून भाषण केलं ती जागा. थोरली त्या दगडावर उभी राहिली, समोरच्या लांबलचक तळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मागच्यांना ऐकू कसं गेलं?’ लाउडस्पीकर होते, असं मी सांगितलं. या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं याचाच मला जास्त आनंद झाला.

किंग यांचं स्वतःचं स्मारक तिथून जवळच आहे, २०११ सालचं. त्यावर त्यांचं एक अवतरण काटछाट करून कोरलं होतं. मूळ वाक्यातली ‘जर’ची बाजू गाळल्यामुळे ते आत्मप्रौढीसारखं वाटायला लागलं. कवयित्री माया अँजेलो यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि २०१३ साली ते अवतरण पुसून टाकलं. ही गोष्ट सासूबाईंना मनापासून आवडली. उताऱ्याचं सारांशलेखन करताना अर्थ बदलू नये, हे त्या पस्तीस वर्षं सांगत आल्या होत्या.

फ्रँकलिन रूझवेल्टच्या स्मारकात मुलांचं दैवत फाला हा त्याचा कुत्रा आहे. कांस्याचा. एवढ्या पोरांनी कान कुरवाळलेत की कानच चकाकतात, बाकीचा कुत्रा काळपट. शेजारी देशाला चार वेळा निवडून द्यावासा वाटलेला राष्ट्राध्यक्ष बसला आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही. पोलिओमुळे रूझवेल्ट चालू शकत नव्हता, पण १९९७ साली स्मारक झालं तेव्हा त्या पुतळ्यावर असा झगा पांघरला होता की चाकाची खुर्ची लपावी. अपंगांच्या संघटनांनी हट्ट धरला आणि २००१ साली प्रवेशापाशी चाकाच्या खुर्चीत उघड बसलेला दुसरा पुतळा आला. जेफरसनचीही कथा अशीच. १९४३ साली युद्धामुळे धातू मिळेना, म्हणून प्लास्टरच्या पुतळ्यावर कांस्याचा रंग देऊन उद्घाटन उरकलं. खरा पुतळा १९४७ साली बसला. ‘फेक जेफरसन’ हा विनोद आमच्या गाडीत बराच काळ चालला.

व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या स्मारकापाशी हा चुका शोधायचा खेळ चालत नाही, आणि मुलांना ते कोणी सांगावं लागत नाही. जमिनीत उतरत गेलेल्या काळ्याभोर भिंती, त्यावर ५८,०००हून अधिक नावं. नावं अकारविल्हे नाहीत. जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने. लोक कागद लावून पेन्सिलीने नाव उतरवून घेतात. हा दगड बंगळूरचा आहे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माहेरच्या माणसाला चाचपावं तसा त्यावर हात फिरवला.

या भिंतीची आखणी केली माया लिन हिने. तेव्हा ती येल विद्यापीठात शिकत होती, वय २१. स्पर्धेला चौदाशेहून अधिक आराखडे आले होते, नावं झाकलेली. तिचा पहिला आला. मूळ कल्पना तिने वर्गातल्या एका प्रकल्पासाठी केली होती आणि वर्गात तिला त्याबद्दल ‘बी’ ग्रेड मिळाली होती. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका भारतीय कुटुंबातला बाप हे ऐकून मुलाला घाईघाईने पुढे घेऊन गेला.

एवढं सगळं अमेरिकन सरकारच्याही लक्षात आलेलं दिसतं. कारण नॅशनल पार्क सर्व्हिस, जिच्याकडे ही बहुतेक स्मारकं आहेत, मुलांना व्याख्यान देत नाही, बिल्ला देते. ज्युनिअर रेंजर नावाची ही योजना. एक पुस्तिका मिळते, बहुतेक ठिकाणी फुकट. त्यात कोडी, चित्रं, ‘हे शोधा, ते मोजा’. ती भरून रेंजरला दाखवायची. रेंजर गंभीर चेहऱ्याने तपासतो, उजवा हात वर करायला सांगतो, शपथ देतो आणि बिल्ला लावतो. या एका बिल्ल्यासाठी मुलं काय करतील याला मर्यादा नाही. जे खांब मी मोजायला सांगितले तर ‘बोअर’ होतात, तेच पुस्तिकेने सांगितले तर दोनदा मोजतात. आमच्या दोघांच्या जॅकेटवर आता इतके बिल्ले आहेत की विमानतळाच्या तपासणीत जॅकेट वेगळं काढून ठेवावं लागतं.

मोठ्यांनाही पुस्तिका मिळते. सासूबाईंनी मागून घेतली आणि ती परीक्षा असल्यासारखी सोडवली; सुवाच्य अक्षर, समासाची रेघ. रेंजरने त्यांनाही हात वर करायला सांगितलं. सहा वारी नेसलेली, पायात स्पोर्ट्स शूज घातलेली बाई अमेरिकेच्या ऐतिहासिक वारशाचं रक्षण करण्याची शपथ घेत होती आणि त्यांचा मुलगा फोटो काढत होता. तो या देशात नोकरी करतो, कर भरतो, ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं उभा आहे की रांगेतच त्याचे केस गेले. त्याला अजून कोणी हात वर करायला सांगितलेलं नाही. आईला आल्या आल्या मिळालं. परतीच्या वाटेवर तो जरा गप्पच होता.

ही संस्था आणखी एक वही विकते, तिचं नाव पासपोर्ट. जिथे जाल तिथला शिक्का तीत स्वतःच्या हाताने मारायचा, तारखेसकट. ज्यांना व्हिसाच्या स्टँपिंगसाठी मुंबईतल्या अपॉइंटमेंटची वाट बघत महिने काढावे लागतात, त्यांना या वहीचं सुख काय सांगावं! आमच्या ओळखीतले एक गृहस्थ मुलांच्या नावाने वही घेतात आणि शिक्के स्वतः मारतात.

लिबर्टीच्या पुतळ्याची चूक वेगळ्या जातीची आहे. पुतळा फ्रान्सची भेट, पण त्याखालचा चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि तिथे पैसे कमी पडले. १८८५ साली बाई २१४ पेट्यांत भरून न्यूयॉर्कला आल्या, आणि उभ्या कशावर राहणार? जोसेफ पुलित्झरने आपल्या वर्तमानपत्रातून वर्गणी सुरू केली आणि कबूल केलं की देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापीन, रक्कम कितीही असो. एक लाखाहून अधिक लोकांनी दिली, बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी. मुलांनी खाऊचे सेंट पाठवले. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्या मराठी माणसाला यातलं मर्म लगेच कळतं, वर्गणी नाव छापल्याशिवाय निघत नाही. मुलांचा प्रश्न वेगळा होता, ‘आधी तांब्याची होती तर हिरवी झाल्यावर कोणी घासली का नाही?’ सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. चिंच आणायला हवी होती, एवढाच त्यांचा आक्षेप.

बॉस्टनबद्दल थोडक्यात. तिथे ऐतिहासिक जागा जोडणारी लाल रेघ रस्त्यावरच आखली आहे, अडीच मैल, त्यामुळे मूल हरवत नाही. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला, हे ऐकून आमच्याकडच्या ज्येष्ठांची सहानुभूती क्षणभर इंग्रजांकडे झुकते. बंकर हिलची लढाई मुख्यतः शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली. आणि प्लिमथ रॉक! १६२० साली जिथे पिलग्रिम यात्रेकरू उतरले म्हणतात तो दगड. खांबांच्या मंडपाखाली, खड्ड्यात, मधोमध सांधलेला. १७७४ साली हलवताना दुभंगला होता. आकार बघून धाकटा म्हणाला, ‘हा तर आपल्या बॅकयार्डमध्ये पण आहे.’ खरं आहे. त्यासाठी एवढं ड्राइव्ह करू नये.

आणि न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने अजून दोन ठिकाणं यादीत घालावीत, जी सहसा घातली जात नाहीत. डीसीच्या दक्षिणेला मेरीलँडमध्ये ॲकोकीक इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ ऑक्टोबर २०२३ ला त्याचं अनावरण झालं; शिल्पकार धुळे जिल्ह्यात जन्मलेले राम सुतार. उंची १९ फूट. लिंकन १९, जेफरसन १९, बाबासाहेब १९. हा हिशेब थोरलीने केला, मी नाही. जेफरसनने ‘सगळी माणसं समान’ असं लिहिलं आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले, हे तिला तोवर माहीत झालेलं होतं. ‘मग यांनी पण सेम लिहिलं का?’ तिने बाबासाहेबांकडे बोट करून विचारलं. लिहिलं, आणि कायद्यात घातलं, असं आजीने सांगितलं. सासूबाई एरवी कोणाला पैकीच्या पैकी देत नाहीत.

दुसरं ठिकाण न्यूयॉर्क राज्यातलं पकिप्सी. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. थिओडिसिया कार्पेंटर ही न्यू जर्सीतल्या रोझेल गावची बाई. दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेली असताना तिने एका मासिकात गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं आणि त्यातून पुढचं सगळं घडलं. आनंदीबाई १८८३ साली तिच्या घरी येऊन राहिल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बाविशीही पुरी नव्हती. अस्थी इकडे पाठवल्या गेल्या. तिथे गिफ्ट शॉप नाही, बिल्ला नाही, शिक्का नाही. मुलं कुरकुरतील अशी माझी तयारी होती.

‘ती डॉक्टर होती, मग स्वतःला बरं का नाही केलं?’ धाकट्याने विचारलं.

क्षय होता, मी म्हटलं. जंतू १८८२ साली सापडला होता, औषध यायला साठेक वर्षं होती. त्याने थोडा विचार केला. ‘म्हणजे डॉक्टरची चूक नाही.’ नाही. मग त्याने बाबाकडे पाण्याची बाटली मागितली आणि खारीमागे गेला.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन येणार असाल किंवा इथेच राहत असाल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. व्याख्यान घरी ठेवून या. वॉशिंग्टन मॉन्युमेंट आणि इंडिपेंडन्स हॉल या दोन्हींचं वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, आयत्या वेळी दाराशी उभं राहून मुलांसमोर रेंजरशी हुज्जत घालू नका. इथे चौथीत शिकणारं मूल घरात असेल तर त्याला वर्षभराचा फुकट पास मिळतो आणि त्याच्याबरोबर गाडीतल्या बाकीच्यांनाही राष्ट्रीय उद्यानांचं प्रवेशशुल्क पडत नाही. आमची थोरली त्या वर्षी तीन कुटुंबांनी उसनी नेली होती. बाथरूम दिसलं की जायचं, गरज असो वा नसो. आणि मुलं बरोबर नसली तरी काउंटरवर ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा. वय विचारत नाहीत.